महाजालावरील धूळपाटी

दगडी पाटी खेडोपाडी पोहोचण्यापूर्वी शाळेत आलेले मूल पहिले अक्षर धुळीवर गिरवीत असे. फळीवर बारीक धूळ पसरावी, बोटाने अक्षर काढावे आणि चुकले तर हात फिरवून पुसून टाकावे. चुकण्याची अशी मोकळीक असल्यामुळे मूल न भिता लिहू लागे. महाजालावर, म्हणजे इंटरनेटवर, नवख्या माणसासाठी अशीच सोय केलेली आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. मराठी विकिपीडिया हा मुक्त ज्ञानकोश २००३ साली सुरू झाला. त्यावर ‘धूळपाटी’ याच नावाचे एक पान आहे. तेथे कोणीही मराठीत लिहून पाहावे. कोशातील लेखांना त्यामुळे धक्का लागत नाही.

गोंदिया जिल्ह्यातील एखाद्या विद्यार्थ्याला सारस पक्ष्याविषयी संकेतस्थळ उभारावयाचे आहे, असे समजू. उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच असा हा पक्षी महाराष्ट्रात मुख्यतः याच जिल्ह्यातील धानाच्या बांध्यांत आणि तलावांच्या काठी आढळतो. तेव्हा त्याच्याविषयी येथील मुलांनी लिहावयाचे नाही, तर कोणी लिहावयाचे?

संकेतस्थळाचे पान ही काही जादू नव्हे. टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने १९८९ साली जिनिव्हाजवळील सर्न या संस्थेत ही कल्पना मांडली आणि १९९३ साली त्या संस्थेने ती सर्व जगाला विनामूल्य खुली केली. पान म्हणजे साधा मजकूर. त्यात टोकदार कंसांत काही खुणा घातलेल्या असतात. एक खूण ‘येथे शीर्षक सुरू होते’ असे सांगते, दुसरी ‘येथे परिच्छेद संपला’ असे. या खुणांच्या भाषेला एचटीएमएल म्हणतात. संगणकावरील साध्या नोटपॅडमध्ये असा मजकूर लिहून ठेवला, तर इंटरनेट नसतानाही तो ब्राउझरमध्ये पानासारखा उघडतो. इतरांच्या पानांतील खुणाही ब्राउझरमधून पाहता येतात. चांगल्या विणकराचे कापड उसवून वीण समजून घ्यावी, तसाच हा प्रकार आहे.

खुणा शिकण्यासाठी ‘डब्ल्यू-थ्री स्कूल्स’ हे १९९८ पासूनचे स्थळ उपयोगी आहे. तेथे एका बाजूस खुणा लिहून दुसऱ्या बाजूस त्यांचा परिणाम पाहता येतो. इंग्रजीची अडचण वाटणाऱ्यांसाठी मुंबईच्या आयआयटीचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा उपक्रम आहे. त्यातील संगणकविषयक लहान लहान चित्रफितींपैकी अनेकींचे निवेदन मराठीत ऐकावयास मिळते. चित्रफीत थांबवावी, स्वतः करून पाहावे, मग पुढे जावे.

मराठी मजकूर मात्र युनिकोडमध्येच लिहावा. पूर्वीच्या कित्येक टंकांत लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांसारखा दिसे. युनिकोडने प्रत्येक अक्षराला एक कायमचा क्रमांक दिला. आपल्या ‘क’चा क्रमांक २३२५ आहे आणि तो गोंदियात जो, तोच जपानातही. माहिती पडताळण्यासाठी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली सुरू झालेला मराठी विश्वकोश आता महाजालावर विनामूल्य वाचता येतो.

एक भेद मात्र ध्यानात घेतला पाहिजे. धुळीवरचे अक्षर पुसले की संपे. विकिपीडियावरील धूळपाटीचे तसे नाही. तेथील मजकूर पुसला तरी ‘इतिहास’ या सदरात तो राहतो व कोणासही वाचता येतो. सारसाचे घरटे कोणत्या तलावात आहे, हे उत्साहाच्या भरात तेथे लिहिले गेले, तर ते अंडी पळविणाऱ्याच्याही हाती पडेल आणि छायाचित्रांसाठी गर्दी करणाऱ्यांच्याही. विद्यार्थ्याने स्वतःचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही तेथे लिहू नयेत. सारसाचे रूप, त्याचा आवाज, जोडीने राहण्याची त्याची रीत यांविषयी हवे तेवढे लिहावे. तलावाचे नाव घरच्या वहीतच असू द्यावे.