ग्रामसभा कीं रिकामी चावडी?

१८८२ सालीं लॉर्ड रिपन यांनीं ठराव केला, तेव्हां स्थानिक स्वराज्याचें तत्त्व सरकारदरबारीं मान्य झालें. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीनें त्यास राज्यघटनेचाच आधार मिळाला. महाराष्ट्रांत १९५८ च्या कायद्यान्वयें ग्रामपंचायतीचा कारभार चालतो. सरपंच व सदस्य ठराव करितात खरे. परंतु त्यांस जाब विचारण्याचा अधिकार ग्रामसभेस, म्हणजे गांवांतील प्रत्येक मतदारास आहे.

हा अधिकार वाया कसा जातो तें पाहा. सभेच्या कोरमास शंभर अथवा शेंकडा १५ यांपैकीं जी संख्या कमी, तितके मतदार लागतात. तितकेहि न जमल्यास सभा तहकूब होते. आणि तहकूब सभेस कोरमाचें बंधनच नाहीं! मग चार टाळकीं जमतात, लाभार्थ्यांच्या याद्या व जमाखर्च मंजूर होतात आणि गांव पुढें वर्षभर पारावर कुरकुरत बसतें. कायद्याच्या दृष्टीनें मात्र तो ठराव साऱ्या गांवाचा!

आमच्या मतें तहकूब सभेसहि किमान हजेरी आवश्यक ठरवावी, आणि सभेची वेळ मजुरीवर जाणाऱ्या स्त्रीपुरुषांस सोयीची असावी. परंतु खरा उपाय लोकांच्याच हातीं आहे. झगडून मिळविलेलें स्वराज्य चावडीपर्यंत न गेल्यामुळें गमवावें, यापरता करंटेपणा कोणता? गांव करी तें राव न करी, ही म्हण खरी. पण त्याकरितां गांव सभेंत हजर पाहिजे.