आमच्या घरातली फोटोंची कणगी

कणगीत धान्य साठवतात, तसे सर्व्हरमध्ये फोटो साठवतात. मामाने सुट्टीत आमच्या घरी सर्व्हर बसवला. तो कसा, ते सांगतो.

मामाने आधी एक जुना संगणक घेतला. त्यात १ टीबीच्या दोन हार्ड डिस्क बसवल्या. एका फोटोला साधारण ४ एमबी जागा लागते. म्हणजे एका डिस्कमध्ये अडीच लाख फोटो मावतात! मी गणित करून पाहिले.

मग संगणक वायरने राउटरला जोडला. त्यात लिनक्स आणि सांबा घातले. दोन्ही फुकट मिळतात. सांबाची सुरुवात अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२ साली ऑस्ट्रेलियात केली. सांबामुळे घरातल्या सगळ्यांना त्या डिस्कवर फोटो ठेवता येतात. इंटरनेट नसले तरी चालते, पण लाईट पाहिजे.

दोन डिस्क कशाला? प्रत्येक फोटो दोन्हींवर एकदमच लिहिला जातो. एक बिघडली तर दुसरी असते. पण कुणी चुकून फोटो पुसला, तर दोन्हींवरचा जातो. घरावर वीज पडली तर दोन्ही डिस्क जळतील. म्हणून मामाने तिसरी प्रत वेगळ्या डिस्कवर काढून आत्याच्या गावी ठेवली. आजी म्हणाली, "बरं केलंस. बियाणं पण आपण वेगळंच ठेवतो."

माझे आजोबा वारले. बैलांना हाक मारतानाचा त्यांचा एकच व्हिडिओ होता, आईच्या फोनमध्ये. आता तो तीन डिस्कवर आहे.

— इयत्ता चौथी