स्त्री-चित्रकारांचे प्रदर्शन आणि परीक्षकांची कसोटी

मार्च महिना उजाडला, की महिला दिनाच्या निमित्ताने पणजी-मडगावपासून लहानमोठ्या गावांतील सभागृहांपर्यंत स्त्री-कलावंतांची प्रदर्शने भरू लागतात. समई प्रज्वलित होते, प्रमुख पाहुणे स्त्रीशक्तीचा गौरव करतात आणि समारोपाच्या दिवशी एका चित्राच्या चौकटीवर 'प्रथम पारितोषिक' अशी चिठ्ठी डकवली जाते. ती नेमकी याच चित्रावर का डकवली गेली, याचे उत्तर मात्र सहसा कोणी देत नाही. परीक्षक फार तर 'सर्वच कलाकृती उत्कृष्ट असल्याने आमचे काम कठीण झाले' एवढे बोलून खाली बसतात. याहून निरर्थक वाक्य कलेच्या व्यासपीठावरून आम्ही ऐकलेले नाही. सर्वच कृती उत्कृष्ट असतील तर परीक्षकांना पाचारण करण्याचे प्रयोजनच उरत नाही. चिठ्ठ्या टाकूनही काम भागले असते.

चुकलेली निवड कशी असते, याचे उदाहरण आपल्या कलेतिहासात नोंदलेले आहे. अमृता शेरगिल १९३४ च्या अखेरीस पॅरिसहून भारतात परतली, तेव्हा तेथील 'ग्रां सालों'ची सहसदस्य म्हणून तिची निवड होऊन गेली होती. १९३५ साली सिमल्याच्या कलासंस्थेकडे तिने आपली चित्रे धाडली. परीक्षकांनी त्यांपैकी काही नाकारली आणि एका चित्रास पारितोषिक दिले. बाविशीतल्या त्या चित्रकर्तीने ते पारितोषिक साभार परत केले! तिच्या मते नाकारलेली चित्रे गौरविलेल्या चित्राहून सरस होती. पुढे दोनच वर्षांनी, १९३७ साली, बॉम्बे आर्ट सोसायटीने तिच्या 'तीन मुली' या चित्राला सुवर्णपदक दिले. १८८८ साली स्थापन झालेल्या या संस्थेवर अकादमिक वास्तववादाचा पगडा होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या निर्णयाचे धाडस ध्यानी येते. त्या चित्रात घडत काहीच नाही. ठसठशीत रंगांच्या वस्त्रांतील तीन मुली बसल्या आहेत, डोळे खाली झुकलेले, आणि आपल्या प्राक्तनाला कौल लावण्याचीही त्यांना मुभा नसावी अशी ती शांतता. सौंदर्याचे वा करुणेचे कोणतेही प्रदर्शन न मांडता केवळ आकार आणि रंग यांच्या बळावर ती शांतता उभी राहते. हे ज्यांना दिसले, ते खरे परीक्षक.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. शेरगिलला पदक मिळाले ते सर्वांसाठी खुल्या असलेल्या प्रदर्शनात. मग स्त्रियांची वेगळी प्रदर्शने हवीतच कशाला? १९४३ साली पेगी गुगेनहाइम यांनी न्यूयॉर्कमध्ये एकतीस स्त्री-कलावंतांचे प्रदर्शन भरविले, तेव्हा आपण 'स्त्री-चित्रकार' नाही असे सांगून जॉर्जिया ओकीफ यांनी त्यात सहभागी होण्यास नकार दिला. त्यांचा बाणेदारपणा आम्हांस मान्य आहे. परंतु हा युक्तिवाद आपल्याकडे जसाच्या तसा लागू करता येत नाही. जे. जे. कलाशाळेत आरंभीच्या काळात शिकलेल्या स्त्रियांमध्ये अंबिका धुरंधर आणि अँजेला त्रिंदाद यांची नावे ठळकपणे येतात. पहिली रावबहादूर धुरंधरांची कन्या. दुसरी मूळ सांग्याच्या आंतोनियु शावियेर त्रिंदाद यांची. दोघींच्या घरात रंगांचा वास जन्मापासून होता. ज्यांचा पिता चित्रकार नव्हता, अशा किती मुलींचे कुंचले चुलीपाशी संपले, त्याची गणती कोण करणार? वेगळ्या प्रदर्शनाचे समर्थन आहे ते एवढ्यापुरतेच. ते दार उघडते. दाराच्या आत आल्यावर सवलत देणे हा मात्र त्या कलावंताचा अवमान होय. आपल्या बांदिवड्यात जन्मलेल्या प्रफुल्ला डहाणूकर यांची अमूर्त निसर्गचित्रे पाहताना ती स्त्रीने काढली की पुरुषाने, हा प्रश्न मनात डोकावतही नाही.

आणि नेमका येथेच आमच्या परीक्षकांचा तोल जातो. मातृत्व, तुळशीवृंदावन, अत्याचारपीडित स्त्री असे विषय दिसले की त्यांचे अंतःकरण द्रवते आणि गुण आपोआप वाढतात. विषय थोर असला म्हणून चित्र थोर ठरत नाही. माटोळी सुंदर असते. तिचे चित्र सुंदर आहे की नाही, हे फळांच्या संख्येवरून नव्हे, तर त्या गर्दीला चित्रकर्तीने कोणती शिस्त लावली यावरून ठरावे. दुसरा मोह आकारमानाचा. भिंत व्यापणारा कॅनव्हास दुरूनच लक्ष वेधतो. उलट अनेक गृहिणी जेवणाच्या टेबलावर, मुले शाळेत गेल्यानंतरच्या दोन तासांत, वीतभर कागदावर काम करतात. ते काम जवळ जाऊन, वाकून पाहावे लागते. उद्घाटनाच्या गर्दीत, हातात सरबताचा पेला घेऊन ते दिसत नाही.

म्हणून आमची सूचना अशी, की परीक्षण प्रदर्शन खुले होण्यापूर्वी दिवसाच्या उजेडात व्हावे, नावाच्या पट्ट्या झाकाव्यात आणि परीक्षकांनी एक रात्र मध्ये जाऊ देऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे. पहिल्या दिवशी डोळे दिपवणारे चित्र दुसऱ्या दिवशी पुष्कळदा फिके पडते. आपली विद्यार्थिनी स्पर्धेत असेल तर परीक्षकाने आपण होऊन दूर व्हावे. गोव्यासारख्या लहान प्रदेशात, जेथे प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो, ही पथ्ये अवघड आहेत, पण येथेच त्यांची निकड अधिक. पारितोषिक विभागून देण्याची पळवाटही बंद व्हायला हवी. त्याने दोघींचेही समाधान होत नाही. पात्र चित्र नसेल त्या वर्षी कोणालाच पारितोषिक न देण्याचा अधिकार परीक्षकांना असलाच पाहिजे, मग प्रायोजकांच्या कपाळावर कितीही आठ्या पडोत.

राहता राहिला कारणांचा प्रश्न. विजेत्या चित्राशेजारी परीक्षकांचा निर्णय, त्यामागच्या कारणांसह आणि सहीनिशी, प्रदर्शनाचे उरलेले दिवस लावून ठेवावा. ज्यांची निवड झाली नाही त्या भगिनींना तो वाचून चित्रासमोर उभे राहता येईल, पटला नाही तर भांडताही येईल. रोख रकमेचा आकडा निमंत्रणपत्रिकेवर ठळक अक्षरांत छापणाऱ्या संस्थांना या एका कागदाचा खर्च खचितच परवडेल.