चारही मेणबत्त्या एकदम पेटवायच्या नसतात!

ब्लू टिक दिसली आणि दोन मिनिटांत रिप्लाय आला नाही, की तुमची घालमेल होते ना? मग हे वाचाच.

१८३९ सालची गोष्ट. जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये योहान विखर्न हे धर्मोपदेशक गरीब, निराधार मुलांना सांभाळायचे. ‘नाताळ कधी येणार?’ म्हणून पोरं रोज भंडावून सोडायची. विखर्न यांनी एका लाकडी चाकावर मेणबत्त्या बसवल्या. रोज एक छोटी पेटवायची, रविवारी मोठी. पोरांना वाट बघणं डोळ्यांनी दिसायला लागलं.

आज वसईसह अनेक ठिकाणच्या चर्चमध्ये नाताळाआधीच्या आगमनकाळात चार रविवारी एकेक मेणबत्ती पेटते, त्याचं मूळ या चाकात आहे. चारही एकदम पेटवायला कितीसा वेळ लागतो? पण थांबायचं, हीच साधना. बायबल सहनशीलतेला आत्म्याचं फळ म्हणतं. फळ म्हटलं की पिकायला वेळ लागणारच!

मात्र थांबणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे. या दिवसांत प्रार्थना, मनाची तयारी चालूच असते.

तुम्हीही रिझल्टची, नोकरीच्या कॉलची वाट बघत असाल. मेल दहा वेळा रिफ्रेश करून तो लवकर येत नाही. त्यापेक्षा आज जमेल असं एक काम करा. आजची मेणबत्ती आज.