जुन्या मोटारीचा डॅशबोर्ड उतरवताना

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन येथील कारखान्यात 1962 ते 1980 या काळात तयार झालेली एमजीबी ही दोन आसनी मोटार आज जगभरच्या संग्राहकांच्या विशेष आवडीची आहे. ब्रिटनमधील काटेकोर वर्गीकरणानुसार ‘व्हिंटेज’ ही संज्ञा 1919 ते 1930 या काळातील गाड्यांपुरतीच राखलेली असल्याने एमजीबीला तेथे ‘क्लासिक’ म्हणतात. भारतात मात्र 2021 च्या नियमांनुसार, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार न झालेली पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज ठरते. या गाडीशी आपले आणखीही एक नाते आहे, कारण तिचे 1798 सीसीचे इंजिन आणि आपल्या ॲम्बेसेडरचे 1489 सीसीचे इंजिन ही बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या ‘बी-सिरीज’ या एकाच घराण्यातील आहेत.

एमजीबीच्या पहिल्या पिढीतील गाड्यांचा, म्हणजे साधारणपणे 1967 पर्यंतच्या गाड्यांचा, डॅशबोर्ड पोलादी पत्र्याचा असून त्यावर सुरकुत्या पडल्यासारखा दिसणारा काळा रंग भट्टीत भाजून बसवलेला असतो. हा रंग एकदा खरवडला गेला की तेवढ्याच जागी पुन्हा बेमालूम लावता येत नाही, आणि म्हणूनच डॅशबोर्ड उतरवण्याचे काम ताकदीचे नसून समजुतीचे आहे. प्रत्येक भाग कशाने आणि कोणत्या बाजूने धरलेला आहे हे कळेपर्यंत त्याला ओढू नये, हा एकच नियम पाळला तरी बहुतेक नुकसान टळते.

आरंभ बॅटरीपासून करावा लागतो. या गाड्यांत सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आसनांमागील फळीखाली बसवलेल्या असून त्या एकामागे एक जोडल्याने बारा व्होल्ट मिळतात. त्यांचा धन ध्रुव गाडीच्या पत्र्याला जोडलेला असतो, म्हणजेच आजच्या गाड्यांच्या नेमकी उलट रचना असते. सवयीने आधी ऋण ध्रुवाची वायर सोडवायला घेतली आणि पाना पत्र्याला टेकला, तर थेट शॉर्टसर्किट होते. त्यामुळे चिन्हाकडे न पाहता, जी वायर पत्र्याला गेलेली आहे तीच आधी सोडवणे सुरक्षित ठरते.

नॉबच्या बाबतीत सर्वाधिक मोडतोड अज्ञानातून होते. हीटरचे फिरते नॉब वरवर पाहता नुसते दाबून बसवलेले वाटतात, परंतु त्यांच्या बाजूला एक बारीक छिद्र असते आणि त्यात दांडीवरील स्प्रिंगची खीळ अडकलेली असते. ती खीळ दाभणासारख्या बारीक टोकाने आत दाबून धरली की नॉब अलगद सुटतो, आणि ती न दाबता पक्कडीने ओढला की पन्नास वर्षांहून जुने ठिसूळ प्लास्टिक तडकते. खटक्याच्या स्विचभोवतीच्या कड्यालाही खाचा असतात व त्या खाचांत बसणारा विशेष पाना मिळतो. पेचकसाच्या टोकाने ठोकत ते कडे फिरवणाऱ्याचा हात निसटला की ओरखडा थेट रंगावर उमटतो.

स्पीडोमीटर आणि इतर मापक पुढून ओढून निघत नाहीत. पाठीमागून यू आकाराची पट्टी त्यांना पत्र्याशी आवळून धरते आणि तिचे खाचदार नट हातानेच सुटतात. स्पीडोमीटरची केबल फिरत्या नटाने जोडलेली असते, तर बल्बचे होल्डर नुसते ओढून निघतात. वायर सोडवण्याआधी प्रत्येकीला चिठ्ठी बांधावी आणि छायाचित्र घ्यावे. ब्रिटिश गाड्यांत तपकिरी वायर कायम विजेची, पांढरी इग्निशनची, हिरवी फ्यूजमधून आलेल्या इग्निशनच्या विजेची आणि काळी पत्र्याला जाणारी, असा संकेत आहे, मात्र जुन्या वायरींचे रंग इतके विटलेले असतात की केवळ रंगावर विसंबणे धोक्याचे ठरते. 1960 च्या दशकाच्या मध्याच्या सुमारास आलेल्या विद्युत टॅकोमीटरमध्ये, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या मापकात, इग्निशनची पांढरी वायर पाठीमागे वेटोळे घेऊन जाते. हे वेटोळे उलट दिशेने बसवले गेले तर काटा हलत नाही आणि निर्दोष मापक बिघडलेला समजला जातो.

खरी कसोटी तेलाचा दाब आणि पाण्याचे तापमान दाखवणाऱ्या जोडमापकाची आहे. तापमानाचा भाग विजेवर चालत नाही. इंजिनाच्या हेडमध्ये बसवलेल्या धातूच्या लहान कुपीत ईथर हा लवकर वाफ होणारा द्रव असतो, आणि त्याच्या वाफेचा दाब केसासारख्या बारीक तांब्याच्या नळीतून मापकापर्यंत पोहोचून काटा हलवतो. कुपी, नळी आणि मापक हे एकसंध व बंदिस्त असल्याने नळी तुटली, चिरली किंवा घडी पडून दबली की ईथर निसटते आणि मापक निकामी होतो. म्हणून मापक डॅशबोर्डवरून सोडवून नळीवर लोंबकळत ठेवण्याऐवजी, रेडिएटरमधील थोडे पाणी आधी काढून कुपी हेडमधून सोडवावी आणि मग संपूर्ण जोडणी एकत्र बाहेर घ्यावी. कुपीचा नट गंजून बसलेला असतो, तेव्हा त्याला गंज सोडवणारे तेल दोन-तीन दिवस अधूनमधून देत राहावे आणि नट फिरवताना नळी त्याच्यासोबत पिळली जात नाही ना, याकडे अखंड लक्ष ठेवावे. येथे घाई केलेल्याला दुसरी संधी मिळत नाही. तेलाची नळी मात्र वेगळी सुटते. तिच्या टोकाशी चामड्याचा चिमुकला वॉशर असतो, तो हमखास हरवतो आणि मग जोडणीनंतर पायाशी तेल ठिबकते.

एवढे झाल्यावर सुकाणूच्या दांड्याचा कंस सैल करून, वरच्या कडेचे नट पाठीमागून आणि खालच्या कडेचे स्क्रू समोरून काढले की पत्रा मोकळा होतो. तो दोघांनी धरून बाहेर घ्यावा, कारण एकट्याच्या हातात त्याची कड सुकाणूला घासते.

उतरवलेला मापक बंद पडलेला असला तरी भंगारात टाकू नये. ईथर पुन्हा भरून आणि नळी जोडून तो दुरुस्त करणारे कारागीर आजही आहेत, आणि मूळ तबकडीला पर्याय म्हणून मिळणारी नवी तबकडी तिच्या तोडीची क्वचितच असते.