आन्नेमारी मोझर-प्र्योल : बर्फावरची बारा वर्षे



ही व्याख्यानमाला ज्या शिक्षिकाबाईंच्या स्मरणार्थ चालते, त्यांनी या शाळेच्या पटांगणावर मुलींच्या दोन पिढ्यांना धावायला आणि खो-खो खेळायला शिकविले. तेव्हा यंदाचा विषय एखाद्या खेळाडू स्त्रीची कारकीर्द हा असावा, अशी संयोजकांची इच्छा होती. मी ती आनंदाने मान्य केली. मात्र माझी निवड पाहून त्यांपैकी काहींच्या भुवया उंचावल्या. माळव्यात आकाशातून पडल्या तर गारा पडतात, त्याही गव्हाचे नुकसान करायला. अशा ठिकाणी मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने बर्फावरून घसरत जाण्याच्या शर्यतीविषयी का बोलावे?

माझे उत्तर साधे आहे. ग्रंथसूची म्हणजे लेखक नव्हे, हे मी पस्तीस वर्षे वर्गात सांगत आलो. कोणी किती पुस्तके लिहिली, कोणाच्या किती आवृत्त्या निघाल्या, हे मोजून वाङ्मयाचा इतिहास होत नाही. खेळाच्या क्षेत्रात मात्र आपण निमूटपणे आकड्यांवर विसंबतो. ज्या कारकिर्दीत आकडे अफाट आहेत, आणि तरीही ते अर्धीच कथा सांगतात, अशी एक कारकीर्द मला ठाऊक आहे. ती ऑस्ट्रियाच्या आन्नेमारी मोझर-प्र्योल हिची. (या आडनावातील स्वरासाठी आपल्या लिपीत अक्षर नाही, ‘ओ’साठी ओठ गोल करून ‘ए’ म्हणावे, म्हणजे तो जवळपास साधतो.)

प्रथम खेळाविषयी थोडे. ‘स्की’ हा शब्द नॉर्वेकडचा. त्याचे मूळ चिरलेल्या लाकडाच्या फळीशी जाऊन भिडते, आणि नॉर्वेत त्याचा उच्चार ‘शी’च्या जवळ जातो, आपण तो इंग्रजीमार्गे घेतल्यामुळे ‘स्की’ म्हणतो, तेही एका परीने बरेच झाले. पायांना लांब, अरुंद पट्ट्या बांधून डोंगरउतारावरून खाली यायचे, ही त्यातील आल्प्सकडची शाखा. तिच्या काळी हिचे तीन मुख्य प्रकार होते. ‘स्लालम’मध्ये खांबांची फाटके अगदी जवळजवळ रोवलेली असतात आणि खेळाडूला नागमोडी वळणे घेत त्यांतून यावे लागते, दोन फेऱ्यांच्या वेळांची बेरीज करतात. ‘महास्लालम’मध्ये फाटके दूर असतात, वळणे मोठी होतात आणि वेग वाढतो. तिसरा प्रकार ‘डाउनहिल’, त्याला मी उतारधाव म्हणेन. तीत फाटके थोडी, उतार लांब, फेरी एकच, आणि वेग ताशी शंभर किलोमीटरच्याही पुढे जाणारा. गुडघे छातीशी घेऊन, पाठ सपाट करून, वाऱ्याला कमीत कमी अंग द्यायचे. येथे चूक सुधारायला दुसरी फेरी नसते.

निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात. ऐकताना हे हास्यास्पद वाटते, पण हिशेब करून पाहा. ताशी ९० किलोमीटर वेगाने जाणारी व्यक्ती एका सेकंदात २५ मीटर कापते. म्हणजे ०.३२ सेकंदांचा फरक झाला तर मागची खेळाडू पुढचीच्या ८ मीटर मागे आहे. आपल्या शाळेच्या एका वर्गखोलीच्या लांबीइतकी. हा ०.३२चा आकडा मी सहज घेतलेला नाही. तो पुढे येणार आहे.

आन्नेमारी प्र्योल २७ मार्च १९५३ रोजी झाल्सबुर्ग प्रांतातील क्लाइनार्ल या डोंगरी गावात जन्मली. घर शेतकऱ्याचे, भावंडे आठ. तिची धाकटी बहीण कोर्नेलियाही पुढे या खेळात ऑलिंपिकपर्यंत पोहोचली. स्कीच्या शर्यतींची ‘विश्वचषक’ ही हंगामभर चालणारी मालिका १९६७ साली सुरू झाली होती. एकाच दिवसाच्या यशावर न भुलता, हिवाळाभर गावोगावी होणाऱ्या शर्यतींतून गुण गोळा करायचे, ही तिची कल्पना. तेव्हा पहिल्या क्रमांकास २५, दुसऱ्यास २०, तिसऱ्यास १५ असे उतरत दहाव्यास १ गुण मिळे. या मालिकेत आन्नेमारी १९६८च्या जानेवारीत, वयाच्या चौदाव्या वर्षी, बाड गास्टाइन येथे प्रथम उतरली आणि शेवटची आली. दोनच वर्षांनी, १९७०च्या जानेवारीत, मारिबोर येथे महास्लालममध्ये तिने पहिला विजय मिळविला. त्याच वर्षी जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत उतारधावेचे कांस्यपदकही तिच्याकडे आले.

त्यानंतर जे घडले ते मी भराभर सांगतो, कारण सलग विजयांचे वर्णन कंटाळवाणे होते. १९७१ ते १९७५ अशी ओळीने पाच वर्षे विश्वचषकाचे सर्वंकष विजेतेपद तिचेच होते. १९७२-७३च्या हंगामात उतारधावेच्या आठ शर्यती झाल्या आणि आठही तिने जिंकल्या. डिसेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या काळात तिने या प्रकारातील लागोपाठ ११ शर्यती जिंकल्या. वाऱ्यावर, बर्फाच्या पोतावर, पट्ट्यांना लावलेल्या मेणावर इतके अवलंबून असणाऱ्या खेळात हे कसे शक्य झाले, याचे कारण जाणकार तिच्या ‘घसरण्या’त सांगतात. वळणावर धाडस अनेकींकडे असते. पण उतार मंदावतो त्या सपाटीवर पट्टीची कड रुतू न देता ती अलगद वाहती ठेवणे, हे पायांच्या तळव्यांना कळावे लागते. गाण्यात जशी तानेपेक्षा ठेहरावात गवयाची परीक्षा होते, तसेच काहीसे.

आता १९७२च्या फेब्रुवारीत, जपानमधील साप्पोरो येथे चला. ऑलिंपिक हिवाळी स्पर्धा. आन्नेमारी अठरा वर्षांची, विश्वविजेती, आणि तिला सुवर्णपदक मिळणार हे सर्वांनी गृहीत धरलेले. ऑस्ट्रियाच्या चमूवर त्या वेळी सावट होते. स्पर्धा सुरू होण्याच्या तोंडावर त्यांचा सर्वांत नामवंत खेळाडू कार्ल श्रान्त्झ याला हौशीपणाच्या नियमाखाली बाद ठरविण्यात आले होते आणि सगळा चमूच परत जाण्याची भाषा चालली होती. अखेर तो राहिला. उतारधाव झाली. स्वित्झर्लंडची मारी-तेरेस नादिग हिची वेळ १ मिनिट ३६.६८ सेकंद, आन्नेमारीची १ मिनिट ३७.००. हेच ते ०.३२ सेकंद. नादिग सतरा वर्षांची होती आणि विश्वचषकाची एकही शर्यत तोवर तिने जिंकलेली नव्हती. तीनच दिवसांनी महास्लालम झाली, आणि तेथेही नादिग पहिली, आन्नेमारी दुसरी, अंतर ०.८५ सेकंदांचे. दोन रौप्यपदके म्हणजे कोणत्याही गावाने मिरवणूक काढावी असे यश. पण जिच्याकडून सुवर्णाचीच अपेक्षा होती तिच्या वाट्याला सांत्वनेच आली.

पुढची संधी चार वर्षांनी, १९७६मध्ये, आणि तीही इन्सब्रुकला, म्हणजे तिच्याच देशात, शेजारच्या प्रांतात. १९७४ साली तिचा हर्बर्ट मोझर यांच्याशी विवाह झाला. त्याच वर्षी सांक्ट मॉरिट्झ येथे उतारधावेचे जागतिक अजिंक्यपद तिने मिळविले. १९७५मध्ये पाचवे सर्वंकष विजेतेपद. आणि त्याच मार्चमध्ये, बावीस वर्षांच्या या स्त्रीने शर्यती थांबविल्या. वडिलांना फुफ्फुसाचा कर्करोग झाला होता. १९७५-७६च्या हंगामात ती त्यांच्याजवळ राहिली. इन्सब्रुकच्या स्पर्धा तिच्यावाचून झाल्या. तेथे पश्चिम जर्मनीच्या रोझी मिटरमायरने उतारधाव व स्लालम जिंकली, आणि महास्लालममध्ये तिचे तिसरे सुवर्ण अवघ्या ०.१२ सेकंदांनी हुकले. मिटरमायरचे यश अस्सल होते, त्यात उणे काढण्याचे कारण नाही.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. आपल्याकडील व्याख्यानांत अशा प्रसंगी लगेच पुंडलिकाची विट उभी राहते आणि खेळाडूची मूर्ती होते. मला ते मान्य नाही. आन्नेमारीने संन्यास घेतला नव्हता. १९७६मध्ये वडील वारले आणि पुढच्या हिवाळ्यात ती पुन्हा उतारावर उभी होती. तिला जिंकायचे होते, आणि तिने तसे करून दाखविले. तिचे मोठेपण मला या दोन गोष्टी शेजारी शेजारी नांदल्या, यात दिसते. अभ्यासकाने त्यांतील एकीच्या प्रेमात पडून दुसरी झाकू नये.

परतल्यावर मात्र राज्य पूर्वीसारखे निष्कंटक नव्हते. १९७७मध्ये स्वित्झर्लंडच्या लीझ-मारी मोरेरोने आणि १९७८मध्ये लिख्टेनश्टाइनच्या हान्नी वेन्झेलने सर्वंकष विजेतेपद घेतले. दोन्ही वर्षी आन्नेमारी दुसरी आली. माझ्या मते ही दोन दुसरी स्थाने आधीच्या पाच पहिल्या स्थानांइतकीच बोलकी आहेत. १९७८मध्ये गार्मिश-पार्टेनकिर्खेन येथे तिने उतारधावेचे जागतिक अजिंक्यपद पुन्हा मिळविले आणि १९७९मध्ये वेन्झेलला अवघ्या ३ गुणांनी मागे टाकून सर्वंकष चषक सहाव्यांदा घरी नेला.

तिच्या नावावर विश्वचषकाच्या ६२ शर्यती आहेत : ३६ उतारधावा, १६ महास्लालम, ३ स्लालम आणि ७ संयुक्त निकाल. हा स्त्रियांमधील विक्रम २०१५च्या जानेवारीपर्यंत, म्हणजे ती निवृत्त झाल्यावर जवळजवळ पस्तीस वर्षे टिकला. कोर्तिना येथे अमेरिकेच्या लिंडसे व्हॉनने तो ओलांडला. पुढे मिकेला शिफ्रिनने २०२३ साली पुरुषांतील स्टेनमार्कचा ८६चा आकडाही मागे टाकला आणि २०२५च्या फेब्रुवारीत शंभरी गाठली. ‘विक्रम’ शब्दातील ‘क्रम्’ धातूचा अर्थच पाऊल टाकणे. वामनाला त्रिविक्रम म्हणतात ते त्यामुळे. ओलांडले जाणे त्याच्या पोटातच आहे. मात्र तुलना करताना हेही ध्यानात ठेवावे की आन्नेमारीच्या काळी हंगामातील शर्यती कमी असत आणि ‘सुपर-जी’ हा वेगाचा चौथा प्रकार विश्वचषकात आला तेव्हा ती खेळातून बाहेर पडली होती. आणि त्या ६२मध्ये १९७५-७६चा रकाना शून्य आहे. कोष्टक पाहणारा त्यावरून नजर फिरवून पुढे जातो.

राहिले ते ऑलिंपिक. १७ फेब्रुवारी १९८०, अमेरिकेतील लेक प्लॅसिड. आन्नेमारी जवळजवळ सत्तावीस वर्षांची होती. त्या हंगामात उतारधावेत नादिगचा जोर होता आणि त्या वर्षीचा उतारधावेचा चषकही तिलाच मिळाला. साप्पोरोची तीच प्रतिस्पर्धी, आठ वर्षांनी, पुन्हा त्याच प्रकारात. निकाल असा लागला : मोझर-प्र्योल १ मिनिट ३७.५२ सेकंद, वेन्झेल १ मिनिट ३८.२२, नादिग १ मिनिट ३८.३६. या वेळी पहिली आणि दुसरी यांत ०.७० सेकंदांचे अंतर होते. वेन्झेलने त्याच स्पर्धेत नंतर स्लालम आणि महास्लालम जिंकली, यावरून मागे पडलेल्या कोण होत्या हे कळावे.

तो हंगाम संपताच आन्नेमारी निवृत्त झाली. ती दूरच्या शहरात गेली नाही. क्लाइनार्लमध्येच तिने एक कॅफे काढला आणि अनेक वर्षे चालविला. भिंतीशी चषक मांडलेले असत, आणि बाहेर, ज्या उतारांवर ती लहानपणी घसरली, त्यांवर हिवाळ्यात गावची मुले पट्ट्या बांधून खाली येत.