वेणी… कातड्याची!

वेणी घालताना 'मान हलवू नकोस गं' म्हणत आई टपली मारायची, आठवतं? एक पेड सैल राहिला, की मधल्या सुट्टीतच वेणी सुटायची.

अर्जेंटिनात गाउचो, म्हणजे घोड्यावरचे गुराखी, अशीच वेणी गाईच्या कातड्याची घालतात. घोड्याच्या लगामासाठी! केसांची असो वा कातड्याची, स्पॅनिशमध्ये शब्द एकच, 'त्रेन्सा'. ती विणणारा कारागीर म्हणजे 'सोगेरो'.

कातडं कमवत नाहीत, कच्चंच घेतात. केस काढायचे, गोल गोल कापत लांबलचक वादी काढायची, कडा तासायच्या. मग ४, ६, ८ पेडांची वीण. खरी मेख ओलाव्यात. वादी फार ओली असली, तर वाळल्यावर आकसते आणि वीण सैल पडते. कोरडी असली, तर वळतच नाही. नेमका ओलावा कळतो तो बोटांनाच. अगदी आपल्या कणकेसारखं!

एवढा खटाटोप कशाला? भरधाव घोड्यावर लगाम तुटला, तर स्वाराच्या जिवावरच बेततं. म्हणून एक पेड चुकला, तर तिथपर्यंत सगळं उसवायचं आणि पुन्हा विणायचं. 'चालतंय की' म्हणायची सोयच नाही.

आईची ती टपली आता पटते ना?